ओढ्यापलीकडची लाइन

वाऱ्याचे दिवस सुरू झाले की आमच्या घरात सकाळचा चहा गच्चीवर होतो. हौस म्हणून नाही हो. वारा वायरी तोडतो, आणि कुणाची तुटली ते गच्चीवरूनच कळतं. गावात तशी रीतच पडून गेली होती. ज्याच्या घरचं इंटरनेट बंद, त्यानं छपरावर लाल फडकं लावायचं. फोन नको, तक्रार नको. आमचे हे कप हातात धरून चारी बाजूंना बघायचे, फडकी मोजायचे, उरलेला चहा एका घोटात संपवायचे आणि शिडी खांद्यावर टाकायचे.

"बेकरीवाली, शिंपी आणि मास्तर," ते म्हणाले.

"मास्तरांचं फडकं नाही, टॉवेल वाळतोय तो. गेल्या खेपेला त्या टॉवेलासाठी अर्धा मैल शिडी वाहिली होतीत."

"बघून येतो. गेलो तर काय झिजतं का?"

झिजत होतं की. बारा वर्षं शिडी वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. माझीही बोटं काही देखणी उरली नव्हती. फायबर म्हणजे आत केसाएवढी काच असते. ती कापताना कण उडतो, कातडीत घुसतो, दिसत नाही आणि चार दिवस ठुसठुसतो. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून मी रोज वायरी सोलायची, टोकं बसवायची. मागं आमचं कपाट, त्यात हिरवे दिवे लुकलुकणारी यंत्रं आणि वर कायम घरघरणारा पंखा. मी आणि ते घामानं चिकटलेल्या कपड्यांनी जेवायचो, पण पंखा यंत्रांना. एकशे अठरा घरांना या खोलीतून लाइन जायची. मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण मला त्याचा तोरा होता.

त्याच सकाळी, हे जिन्यावर असतानाच, भोंगा लावलेली गाडी गावात शिरली. "मोफत इंटरनेट! बॉक्स मोफत, जोडणी मोफत, वापर मोफत! आज नाव द्या, उद्या कनेक्शन!"

हे शिडीसकट थांबले. वर माझ्याकडे बघून म्हणाले, "मोफत म्हणजे... कितीला?"

"मोफत म्हणजे फुकट! कितीला काय विचारताय?"

"अगं, पण मग वायर कोण देणार? माणसं कोण देणार? वीज?"

"मला काय विचारता, त्या भोंग्याला विचारा जाऊन!"

मी हसले. खरं सांगते, पोट धरून हसले. मला वाटलं, पिना विकणारे येतात, चादरीवाले येतात, तसलाच एखादा.

*

आमची लाइन मुळात गावासाठी टाकलेलीच नव्हती. ती टाकली ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. तिच्या वेळी तसल्या मुलांना शाळेत कुणी घेत नसे, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. सगळं बोलणं हातांनी, तेही घरातच जुळवलेल्या खुणांनी. "शिडी" केली की माझा नवरा. बोटांची चोच करून पाचसहा वेळा उघडझाप केली की मी. म्हणजे बडबडी. पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस रुसले होते मी.

ताईची एकुलती एक मुलगी, आमची भाची, बोटीनं दोन दिवस लागतात अशा शहरात इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली. ताई एकटी पडली. फोनचा तिला काय उपयोग? तिला चेहरा दिसायला हवा, हात दिसायला हवेत. मोबाइलला आमच्याकडे डोंगराआड जेमतेम आवाजापुरती रेंज येते. मग यांनी ठरवलं, वायर टाकायची. जवळच्या शहरातला मोठा लाइनवाला म्हणाला, एका घरासाठी मी लाइन सोडत नाही, पन्नास घरं गोळा करा. यांनी पन्नास घरं गोळा केली. तिथून धंदा सुरू झाला.

ताईचं घर ओढ्यापलीकडं, चढावर. गावापासून तासाभराची दगडाधोंड्यांची वाट. तिथं फक्त तीन घरं, पण त्यासाठी आम्ही दोघांनी एकवीस खांब पुरले. पहारीनं खड्डे मी खणले, हे खरं आहे, कुणालाही विचारा. रोज सकाळी अकराला भाचीची सुट्टी व्हायची आणि ताई धुतलेला सदरा घालून, केस विंचरून पडद्यासमोर बसायची. पंधरा मिनिटं दोघींचे हात नुसते धावायचे. पाहणाऱ्याला दम लागावा. तेवढ्या पंधरा मिनिटांवर बाईचा उरलेला दिवस जायचा.

*

दुसऱ्या दिवशी नारिंगी टोप्या घातलेली दहा माणसं आली. त्यांनी पाण्याच्या टाकीवर एक पेटी बसवली आणि तिथून छपरांवरून वायरी फेकल्या. खांब नाही, ताण नाही, क्लिप नाही. ह्या छपरावरून त्या छपरावर, लोंबत्या.

"हे टिकणार नाही," हे म्हणाले. "पहिल्या मोठ्या वाऱ्याला खाली येईल."

वायर खाली यायची तेव्हा येवो, गाव आधी खाली आलं. चौथ्या दिवशी दार वाजलं. उघडलं तर बेकरीवाली. हातात आमचा राउटर, वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेला.

"राग मानू नका हं वहिनी," ती म्हणाली. "पोरं ऐकेनात. तुमचं काही वाईट नव्हतं हो. पण फुकट आहे ना ते."

हिच्या बाळंतपणात, नवरा परगावी म्हणून, वायर ओढायला गेलेल्या आमच्या यांनी तीन दिवस हिचा भट्टीचा लाकूडफाटा फोडून दिला होता. मी राउटर घेतला. "बरं" एवढंच म्हणाले. माझ्या तोंडून एवढंच निघालं याचंच मला नवल वाटलं.

मग रीघ लागली. कुणी पोराच्या हातून पाठवला, कुणी उंबऱ्यात ठेवून न सांगता पळालं. दूधवाल्यानं तर दुधाच्या कॅनबरोबरच आणला, वर विचारतो, "आज अर्धा लिटर की एक?" न्हाव्याच्या राउटरवर केसांचा थर होता. शिंप्यानं आमचा राउटर इतकी वर्षं कापडावर वजन म्हणून वापरला असणार, त्यावर खडूच्या रेघा होत्या. आठवड्यात पुढच्या खोलीत खिडकीइतका ढीग झाला. हे एकेक राउटर पुसायचे, चालू करून बघायचे, दिवा लागला की समाधानानं मान हलवायचे आणि ढिगावर ठेवायचे.

"अहो, कुणासाठी तपासताय?"

"चांगले आहेत गं सगळे."

मला रडावं की ओरडावं कळेना. शेवटी ओरडले.

महिन्याच्या दहा तारखेला एकतीस घरं उरली आणि शहरातल्या लाइनवाल्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "वहिनी, तुम्हाला नियम ठाऊक आहे. पन्नासच्या खाली मी लाइन ठेवत नाही. एक तारखेपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही."

"आणि ओढ्यापलीकडं?"

"तुमची लाइन गेली की तीही गेली ना," तो म्हणाला. माझा हात कानाशीच राहिला. इतके दिवस मी घरं मोजत होते, धंदा मोजत होते. ताईचं घर ह्याच वायरीच्या टोकाला आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

*

एकोणीस घरं परत आणायची होती. हे कुणाच्या दारात जाऊन मागणारे नव्हेत. मग मी निघाले. तोंड आहे ना देवानं दिलेलं.

पहिल्यांदा मास्तरांकडं. निवृत्त माणूस, गावात शब्दाला वजन. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाजार, मक्तेदारी, लहान माणसाचं मरण यावर अर्धा तास असे बोलले की माझे डोळे भरून आले. "मी मोफतच्या नादी लागणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. आणि माझी नजर त्यांच्या मागच्या फळीवर गेली. तिथं तोच तो लाल टॉवेल पसरला होता आणि त्याच्याखाली काहीतरी लुकलुकत होतं. नारिंगी, नारिंगी, नारिंगी.

"टॉवेल पेटेल, मास्तर," मी म्हटलं. "बॉक्स तापतो. हवा लागू द्या त्याला." आणि उठले.

शिंपीण दारातूनच म्हणाली, "उघडलं की आधी दोन मिनिटं साबणाची जाहिरात लागते. बघायची आणि मग काम करायचं. त्यात काय मोठंसं?" न्हावी म्हणाला, "तुम्हीपण फुकट द्या की." दुकानातली सगळी माणसं हसली. माझं तोंड भाजल्यासारखं झालं. सतरा घरं फिरले. ताईचं नाव घेतलं तिथं लोकांनी हळहळ केली, मनापासून केली, आणि दार लावून घेतलं. घरी आले तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी फरफटत चालत होते, ते मला घरात शिरल्यावर कळलं.

"ताईला इकडंच आणू या," हे म्हणाले.

"दोनदा आणली होतीत. तिसऱ्या दिवशी आपली आपण चालत गेली परत. तिच्या शेळ्या, तिचं परस. सत्तरीच्या बाईला उपटून आणणार का?"

बेकरीवालीनं, तिचं मन खात असावं, आपणहून सांगितलं की माझ्या बॉक्समधून घ्या ताईंना वायर. हे लगेच गेले. वायर खुपसल्याबरोबर बॉक्सचे सगळे दिवे विझले. एका बॉक्सवर एकच घर, दुसरी वायर लावली की तो झोपतो, तशी सोयच कंपनीनं करून ठेवलेली. परत चालू करायला बिचारीला दोन दिवस फोन लावावे लागले.

*

पंचवीस तारखेला वारा असा सुटला की आमच्या मोरीचा पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात गेला. सकाळी दहाच्या सुमाराला गावातलं मोफत बंद पडलं. सगळंच्या सगळं.

लोकांनी कंपनीचा नंबर लावला. एक दाबा, दोन दाबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शिंपी म्हणे चाळीस मिनिटं तेच गाणं ऐकत बसला. एक दिवस गेला, दुसरा गेला. पोरांचा अभ्यास अडला, दूधवाल्याच्या ऑर्डरी अडल्या, मास्तर तर दर तासाला अंगणात येऊन आभाळाकडं बघून जायचे. आमच्या एकतीस घरांचं मात्र सुरळीत चालू होतं. वारा आमच्या खांबांना वाकवून गेला, पण एक वायर निसटली नाही.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गच्चीवर गेले आणि कप हातातून पडता पडता राहिला. गावभर लाल. छपराछपरावर फडकी. कुणी ओढणी बांधली होती, कुणी पिशवी, कुणी पोराचा गणवेश. माणसांना दुसरी सवयच नव्हती. नेट गेलं की फडकं, मग लाइन कुणाची का असेना! मी मोजली. पंचेचाळीस. मला आनंद झाला, लाज कशाला वाटून घेऊ, नाचावंसं वाटलं.

दुपारी बाया आल्याच. बेकरीवाली पुढं. "वहिनी, चुकलं आमचं. परत जोडता का? उद्या सकाळी येऊन राउटर नेते." शिंपीण म्हणाली, "आमचंपण." न्हाव्यानं निरोप धाडला. मी प्रत्येकीला विचारून खात्री करून घेतली. बावीस घरं! एकतीस आणि बावीस, त्रेपन्न! पन्नासाच्या वर! मी यांना हाक मारली, तर हे घरात नव्हते. शिडीही नव्हती. म्हटलं, गेले असतील पत्रा आणायला. मी खिडकीशी बसले आणि टोकं बसवायला लागले. बोटांत काचा घुसत होत्या, पण मी गुणगुणत होते.

चार वाजता बाहेर गलका झाला. "आलं! आलं!" पोरं ओरडत रस्त्यानं धावली. मी बाहेर आले तर शिंपी आपल्या छपरावर चढून फडकं सोडत होता. पलीकडं मास्तर टॉवेल काढत होते. एकेक करून सगळं लाल उतरत गेलं.

थोड्या वेळानं हे आले. भुवयांपर्यंत धूळ, खांद्यावर शिडी, हातात आमचं जोडणीचं यंत्र. चेहरा असा खुललेला की कितीतरी दिवसांत तसा पाहिला नव्हता.

"कुठं होतात?"

"टाकीवर. अगं, काय जोड केले होते त्या लोकांनी! नुसता चिकटपट्टीचा कारभार. आत धूळ, ओल. सगळे कापले, नवे केले, वर नळी चढवली. आता दहा वर्षं हलत नाही."

मला ते काय सांगतायत हे ऐकू येत होतं, पण समजत नव्हतं. "तुम्ही... त्यांची लाइन... तुम्ही जोडलीत?"

"फडकी लागली होती ना," ते म्हणाले.

"अहो, बावीस घरं परत येत होती! उद्या सकाळी! त्रेपन्न झाली होती! तुमच्या बहिणीची लाइन वाचली होती, आणि तुम्ही आपल्या हातांनी..." मी खाली बसले. मांडीवर तयार टोकांची जुडी होती, ती सगळी जमिनीवर सांडली.

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला. त्यांना खरोखर सुचलंच नव्हतं. बारा वर्षं फडकं दिसलं की पाय निघायचे, तसे निघाले होते. शिडी उतरवायचंही भान राहिलं नाही. दारातच उभे राहिले, खाली झुकलेल्या खांद्यावर शिडी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. बेकरीवालीनं ताजा पाव पाठवला.

*

दोन दिवसांनी कंपनीचा साहेब आला, इस्त्रीच्या कपड्यांतला, वयानं आमच्या भाचीएवढा. मला वाटलं, आभार मानायला आला.

"टाकीवरची पेटी कुणी उघडली?" त्यानं विचारलं.

"मी," हे म्हणाले. "बघितलंत का जोड? पक्के झालेत."

"कंपनीच्या मालमत्तेला हात लावणं गुन्हा आहे, काका. मी तक्रार करत नाही, तुमच्या वयाकडं बघून. पण पुन्हा असं नको." त्यानं पेटीला नवं कुलूप घातल्याचंही सांगितलं.

यांनी मान खाली घातली. मग घसा खाकरून म्हणाले, "साहेब, एक विनंती आहे. ओढ्यापलीकडं तीन घरं आहेत. खांब माझे, वायर माझी, मेहनत माझी. तुमच्या पेटीतून एक धागा फक्त द्या." बारा वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

साहेबानं मोबाइलमध्ये नकाशा पाहिला. दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. "तीन घरं," तो म्हणाला. "तीन घरांत जाहिरात कोण बघणार? योजनेत बसत नाही, काका." वाईट बोलला नाही तो. पाणीसुद्धा पिऊन गेला. म्हणूनच तर मला शिवीही देता आली नाही.

*

एक तारखेला आम्ही दोघं सकाळीच ओढा ओलांडून ताईकडं गेलो. हे म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, बहीण तुमची. पण घराजवळ पोचल्यावर ते शेवटच्या खांबाशी थांबले आणि क्लिपा तपासायला लागले. पुढं येईनात. मी एकटीच आत गेले.

ताई धुतलेला सदरा घालून बसली होती. मला पाहून बोटांची चोच केली, हसली आणि शेजारचं स्टूल ओढून दिलं. अकराला भाची पडद्यावर आली, मागं चादरींचे ढीग. दोघींचे हात सुरू झाले. भाची सांगत होती की नवीन यंत्र आलंय, हातांना आता गरम पाणी लागत नाही. तळहात पुढं करून दाखवत होती. लाइनवाल्यानं बारापर्यंत ठेवतो म्हणून सांगितलं होतं, पण अकरा वाजून दहा मिनिटांनी भाची हात पुढं केलेलीच थांबली. तळहात तसेच. डोळे अर्धे मिटलेले.

ताईनं काही ओळखलं नाही. ती त्या थांबलेल्या हातांना आपले हात दाखवून उत्तर देत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खुणेनं विचारलं, काय झालं? शिडी? म्हणजे त्याला बोलाव, जोडून देईल.

मी नाही म्हणून मान हलवली. मग सांगायला लागले. वायर, गेली. खांब आहेत, पण आत काही नाही. का? गावात दुसरी वायर आली. सगळ्यांनी ती घेतली. का घेतली? तिथं मी अडले. फुकटची खूण आमच्या घरात कधी लागलीच नव्हती. मी खिशात हात घातल्यासारखं केलं, काढून देते असं दाखवलं आणि नको नको म्हणत परत ठेवलं. काही न देता मिळतं. घर, घर, घर, सगळ्यांना. काही न देता.

ताई एकटक बघत होती. तिनं मीच केलेल्या खुणा पुन्हा करून दाखवल्या, बरोबर समजलं ना म्हणून. गाव. सगळी घरं. वायर. द्यायचं काही नाही?

मी होकार दिला.

तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं दोन्ही हात वर नेऊन, छान, फार छान झालं, असं केलं. गरीब बिचाऱ्या माणसांचं बरं झालं, असं. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आणि मला? मला कधी?

आयुष्यात कुणाला तोंडावर खोटं बोलले नसेन, फटकळ म्हणून गावभर नाव आहे माझं. बाहेर खांबावर यांच्या पकडीचा आवाज येत होता. मी बोटांनी दाखवलं, लवकर.

ताईनं समाधानानं मान हलवली, पडद्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि वाट बघत बसली.